भाऊ गोकर्णला गेला नव्हता

नगर निगमाने मला समितीवर घेतलं ते केवळ माझ्या भांडकुदळपणामुळे. काशीत ब्रह्मा घाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीतलं गटार कायम तुंबलेलं. मी रोज सकाळी निगमाच्या कचेरीत जाऊन बसायचे, आणि बसायचे म्हणजे गप्प नव्हे, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. शेवटी गटार साफ झालं आणि वर मला फोन आला. निगमाच्या पैशावर एक नशामुक्ती केंद्र चालतं, एक संस्था ते चालवते, आणि त्यावर देखरेख ठेवायला नागरिकांची समिती नेमायची आहे. ‘आप जैसी जागरूक महिला चाहिए.’ मला गटारावरून दुसरीकडे कुठेतरी वळवायचं होतं त्यांना, दुसरं काय!

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. विचार करत बसले असते तर नाही म्हटलं असतं, कारण त्याच केंद्रात माझा धाकटा भाऊ भरती होता.

हे मी लपवलं नाही हं. फोनवरच्या माणसाला तेव्हाच विचारलं, अहो, माझा सख्खा भाऊ तिथे आहे, चालेल का? तो म्हणाला, ‘अरे मैडम, ये तो और अच्छा है, घर का आदमी अंदर है.’ झालं! त्याने ते पुढे कुणाला सांगितलं नाही, आणि मी तरी कशाला गावभर दवंडी पिटू? माझं सासरचं आडनाव वेगळं. भावाला तिथे नेऊन सोडलं ते भावजयीने. गल्लीत आम्ही सांगून ठेवलं होतं की तो गोकर्णला गेलाय, एका यजमानाचं मोठं अनुष्ठान आहे, यायला वेळ लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझा भाऊ वेदपाठी. वडिलांच्या समोर बसून शिकला, आवाज खणखणीत, आणि म्हणताना स्वराबरोबर हात वर-खाली असा फिरायचा की रस्त्याने जाणारा माणूस उभा राहून बघायचा. पण तासन्‌तास मांडी घालून बसायचं म्हणजे कंबरेचे हाल. त्यात एकदा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून घसरला. यजमान काही थांबत नाहीत. गल्लीतल्या औषधवाल्याने दुखण्यावरची कॅप्सूल दिली, डॉक्टरची चिठ्ठीबिठ्ठी न मागता, घरचा माणूस म्हणून. ती घेतली की कंबरही गप्प आणि जीवही गप्प. पुढे कंबर बरी झाली, कॅप्सूल मात्र राहिली.

आता काशीत भांगेला कुणी नशा म्हणत नाही, तो भोलेबाबांचा प्रसाद. मग पांढऱ्या पट्टीतल्या औषधाला कोण नशा म्हणणार? आम्हीही नाही म्हटलं. तो पाठ म्हणता म्हणता ओळी गाळायला लागला, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. एकदा यजमानाच्या घरी, भर पूजेत, त्याची मान पुढे कलंडली. त्यानंतर घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या, आरडाओरडा सुरू झाला, आणि एके दिवशी तो बायकोच्या अंगावर धावून गेला. तिच्या दंडावरचा वळ मी पाहिला. तिने तोच दंड पदराखाली घेऊन त्याला रिक्षात घातलं आणि केंद्रात नेऊन सोडलं.

शहरात फुकट दाखल करून घेणारं तेवढं एकच. म्हणजे ते चाललं पाहिजे होतं, आणि नीटही चाललं पाहिजे होतं. माझ्या भावजयीला फक्त पहिलं हवं होतं. मी समितीवर गेले हे कळल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली, बसली नाही.

‘वन्सं, एक सांगू? तिथे जीभ आवरा तुम्ही. ते बंद पडलं तर हे घरी येतील. मला पुन्हा नाही हो काढवणार ते दिवस.’

मी म्हटलं, ‘अगं, मी काय बंद पाडायला चाललेय का?’

‘तुम्ही गटारसुद्धा सोडत नाही,’ ती म्हणाली आणि गेली.

केंद्र वरुणा नदीच्या पलीकडे, एका जुन्या धर्मशाळेत. समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त अधिकारी, इतके सभ्य की डास मारतानाही माफी मागतील. दुसरे त्या भागाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, कायम फोनवर. आणि तिसरी मी. आम्ही येणार हे केंद्राला आधी कळवलं जायचं. गेलं की भिंतींना ताज्या चुन्याचा वास, खाटांवर नव्या चादरी, घडीच्या रेघा तशाच. मॅनेजर दारात उभा, पांढरा कुर्ता, जिभेवर साखर. तो आम्हाला अंगणात खुर्च्यांवर बसवायचा, समोर सगळे रुग्ण सतरंजीवर रांगेत. मग अध्यक्ष विचारायचे, ‘कोई शिकायत?’ आणि मॅनेजर त्यांच्या खुर्चीमागे उभा! सगळे एका सुरात, ‘नहीं साहब, सब बढ़िया.’ पुढे समोसे, चहा, सह्या.

माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची. मला खुर्चीत बसवत नसे. मी उठून न्हाणीघर बघ, पाण्याची टाकी उघडून बघ, असं करत राहायचे आणि मॅनेजर माझ्यामागे ‘माताजी, धूप है, बैठिए’ करत फिरायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय, हे मला रांगेतल्या माणसांच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण खांदे काही पुरावा म्हणून लावता येत नाहीत. एकदा मी म्हटलं, न कळवता जाऊ. अध्यक्ष म्हणाले, ‘मैडम, किसी के घर भी जाते हैं तो बताके जाते हैं.’ मी म्हटलं, ते घर नाही. ते हसले आणि समोसा पुढे केला.

आणि रांगेत माझा भाऊ. तो माझ्याकडे बघायचा नाही, मी त्याच्याकडे. खरं सांगते, मला सगळ्यात छळायचं ते हेच, की तो बरा दिसत होता. गालावर थोडं मांस आलं होतं, नजर स्वच्छ होती, बोटं थरथरत नव्हती. मग मी भांडू कुणाशी आणि कशासाठी? भेटीच्या दिवशी भावजय जाऊन यायची, तिथेही मॅनेजर समोर बसलेला. ‘बरे आहेत’ एवढंच ती सांगायची, आणि तेवढंच तिला ऐकायचं होतं. आपलेच दात आपलेच ओठ. मी घरी येऊन तीच तीच भांडी पुन्हा घासत बसायचे.

पितृपक्ष संपला, आणि त्यानंतरच्या पाहणीला मॅनेजरने नवीनच टूम काढली. आम्ही खुर्च्यांवर टेकलो तसा तो म्हणाला, ‘आज शुभारंभ वेदपाठ से होगा. हमारे यहाँ एक महाराष्ट्रियन पंडितजी हैं. जब आए थे तो मुँह से बोल नहीं फूटता था. अब सुनिए.’

भाऊ आतून आला. अंघोळ केलेला, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. त्याला असा पाहून माझा ऊर भरून आला आणि पुढच्याच क्षणी संतापही आला, की मेल्यांनी माझ्या भावाला प्रदर्शनात मांडलं. तो मांडी घालून बसला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आपल्याकडे मंत्र कानावर पडला की माणूस अर्थ ऐकत नाही. हात जोडतो, डोळे मिटतो. सगळ्यांनी मिटले. पार्षदांनी चक्क फोन खिशात घातला. मीही मिटले होते, खोटं कशाला बोलू? सुरुवातीचा मंत्र खरा होता, लहानपणापासून ऐकलेला. मग श्वास घेऊन तो पुढे सरकला. तोच आवाज, तेच चढउतार, हात तसाच वर-खाली. आणि मला शब्द ऐकू आले.

‘माळ्यावरीऽ कोंडिले दोघेऽ… कुलूप घातिलेऽ, किल्ली कनवटीसीऽ… उपाशी ठेवितीऽ, नित्य बडवितीऽ… वैद्य ना फिरकेऽ… ऊठ गे तायेऽ, वरि जाऽ…’

मी डोळे उघडले. आधी वाटलं, माझंच डोकं फिरलं. पण तो पुन्हा तेच म्हणत होता, दुसऱ्या आवर्तनात, आणखी सावकाश, जसं मठ्ठ मुलाला शिकवतात तसं. माळ्यावरी. कोंडिले. कनवटीसी. एकही शब्द त्याने असा घेतला नव्हता की जो हिंदी कानाला टोचेल. मॅनेजर मान डोलावत होता. अध्यक्षांच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या. आणि देवा शपथ, मला हसू फुटायला लागलं. मी पदर तोंडात कोंबला. मॅनेजरला वाटलं, माताजी भारावल्या.

पाठ संपल्यावर अध्यक्ष खुर्चीवरून उठून भावाच्या पाया पडले. ‘आनंद आ गया, महाराज. कौन सा सूक्त था?’

‘शांतिपाठ है, साहब,’ भाऊ म्हणाला.

मग चहा आला. मी कप नुसता धरून बसले. लगेच उठून वर जावं तर यांना कळणार की कुणीतरी सांगितलं. न जावं तर वर ती दोन माणसं. आणि सांगणारा माझा भाऊ इथेच राहणार, आम्ही समोसे खाऊन घरी जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण माझ्याच्याने धीर धरवतो कुठे! मी कप ठेवला आणि म्हटलं, मला वरचा मजला बघायचाय.

‘ऊपर तो स्टोर है, माताजी. टूटा-फूटा सामान.’

तोवर मी जिन्यावर होते. मागून मॅनेजर, त्याच्यामागे अध्यक्ष, धापा टाकत. वर एक बुटकं दार, दाराला कुलूप. मॅनेजर म्हणाला, चावी एका माणसाबरोबर बाजारात गेलीय.

‘चाबी आपकी कमर में है,’ मी म्हटलं.

आणि म्हणता क्षणी जीभ चावली. बाई गं, काय बोलून बसले! मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत साखर नव्हती. पण अध्यक्ष शेजारी उभे होते, त्याला कुर्ता वर करून चावी काढावीच लागली.

आत दोन पुरुष होते. एक आमच्याच घाटाखालचा नावाडी, मी त्याला चेहऱ्याने ओळखत होते. दुसरा साड्या विणणारा. उजेड आत शिरला तसा विणकराने कोपराने डोळे झाकले. नावाडी फक्त ‘पानी’ म्हणाला. त्या खोलीत खिडकी नव्हती आणि कोपऱ्यात एक बादली होती, त्याबद्दल मी लिहीत नाही. समितीसमोर खरं बोलू अशी धमकी दोघांनी दिली होती, एवढाच त्यांचा गुन्हा. अध्यक्ष नाकाला रुमाल लावून ‘अरे, अरे’ करत राहिले. मॅनेजर म्हणाला, ‘साहब, तलब में उपद्रव करते हैं, इन्हीं की सुरक्षा के लिए.’ अध्यक्षांनी मान हलवली. ‘सुधार की गुंजाइश है,’ ते म्हणाले. मी त्या नावाड्याला हाताला धरून खाली आणलं, टाकीजवळ बसवलं आणि पाणी पाजलं.

खाली सगळे तसेच रांगेत बसलेले. मॅनेजर हसून म्हणाला, ‘चाबी का किसने बताया, भाई? नाराज़ नहीं हूँ, बस पूछ रहा हूँ.’ आणि रांगेवरून एकेका तोंडाकडे बघत गेला. माणसं खाली बघत होती. मी म्हणणारच होते की मी अंदाजाने बोलले, तेवढ्यात माझा भाऊ उठून उभा राहिला.

‘मैंने बताया. अभी, सबके सामने.’

तो बोलायला लागला तसे अध्यक्षांनी सवयीने पुन्हा हात जोडले.

‘हाथ मत जोड़िए साहब, सुन लीजिए,’ भाऊ म्हणाला. ‘वो शांतिपाठ नहीं था. मराठी थी.’

आणि मग त्याने सगळं हिंदीत सांगितलं, सरळ, न थांबता. कुणाला काठीने मारलं, कुणाचं जेवण बंद केलं, डॉक्टर कसा कधीच आला नाही. मॅनेजरने मध्ये तोंड घातलं तर तो थांबून वाट बघायचा आणि पुन्हा तिथूनच पुढे. एकही ओळ गाळली नाही. मी बघत राहिले. पुढे जाऊन त्याचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, हा माझा भाऊ आहे आणि मी त्याला आत्ता घरी नेतेय. चल.

तो हलला नाही.

‘ताई, मी नाही येत.’

‘वेडा आहेस का तू? हे आता तुला जिवंत ठेवतील?’

‘तुला मी सुटलेला हवाय. मला बरं व्हायचंय,’ तो म्हणाला. ‘इथे कॅप्सूल मिळत नाही. एवढी एकच गोष्ट इथली खरी आहे. बाहेर पडलो तर पहिल्याच दुकानात जाईन मी.’

‘मग मला सांगितलंस कशाला?’

‘तू समितीवर आहेस म्हणून. बहीण म्हणून नाही सांगितलं.’

मला इतका राग आला म्हणता! त्याच्या थोबाडीत द्यावी आणि त्याला कुशीतही घ्यावं, असं दोन्ही एकदम वाटलं. शेवटी मी अध्यक्षांकडून सर्वांसमोर कबूल करून घेतलं की त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही, आणि वरच्या दोघांना सरकारी इस्पितळात पाठवायला लावलं. गाडी येईपर्यंत मी दारातून हलले नाही. मग निघाले. त्या संध्याकाळी मी भाजी चिरायला घेतली, अर्धी टाकून उठले, गंगेवर जाऊन आले, भोसले घाटापर्यंत चालत गेले आणि कशाला आले ते न कळून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय धावत आली. पायात चपला नव्हत्या.

‘वन्सं, ते आलेत. टोटो रिक्षातून सोडून गेले.’

मी गेले तर तो ओट्यावर बसलेला, गळ्यात झेंडूचा भलामोठा हार. केंद्राने त्याला पूर्ण बरा झाला म्हणून समारंभाने निरोप दिला होता! टाळ्या वाजवल्या, हार घातला, बाहेर काढला. शेजारचे लोक जमलेले. ‘गोकर्ण से आ गए गुरुजी? अनुष्ठान अच्छा हुआ?’ हार बघून त्यांची खात्रीच पटली होती.  मी त्याला आत घेतलं, हार काढला, दार लावलं.

‘ताई, त्यांनी मला बरा ठरवलं,’ तो म्हणाला. ‘मी बरा नाहीये.’

भावजय भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि तिला दोष द्यायची माझी छाती नव्हती. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला, ‘बधाई हो मैडम, आपके भाई साहब ठीक हो गए!’ आणि दुपारी निगमात बैठक आहे, अहवालावर सह्या करायच्यात. मी भावाकडे पाहिलं. त्याला इथे ठेवून जावं तर तो आणि ती दोघंच, आणि गल्लीच्या टोकाला दुकान. न जावं तर अहवाल माझ्याशिवाय मंजूर. मी म्हटलं, ऊठ, सदरा बदल, माझ्याबरोबर चल.

बैठकीत अहवाल आधीच लिहून तयार होता. केंद्राचं काम समाधानकारक, किरकोळ सुधारणा सुचवल्या आहेत. वरची खोली त्यात नव्हतीच. मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला, पाण्याचा पेला सांडला. अध्यक्षांनी शांतपणे रुमालाने पाणी टिपलं आणि भावाकडे बघून म्हणाले, ‘महाराज को वापस भर्ती होना है? हो जाएगा, आज ही. बिलकुल घर जैसा रखेंगे. बस मैडम, आप भी दस्तख़त कर दीजिए. मिल-जुलकर चलते हैं.’

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी लपवत नाही, पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर नावाडी नव्हता, विणकर नव्हता, फक्त हा होता, माझा भाऊ, आणि आज रात्री तो कुठे झोपेल हा प्रश्न. आता त्याला कुणी हात लावायला धजावणार नाही, तिथे कॅप्सूल मिळणार नाही, भावजयीला झोप लागेल. सगळं माझ्या एका सहीत होतं.

‘सही करू नको,’ भाऊ मराठीत म्हणाला. मंत्रासारखं नाही, साधं, जेवताना मीठ मागावं तसं.

‘मग तू कुठे जाणार?’

‘बघू.’

‘काय बघतोस, डोंबल!’ मी ओरडले आणि तिथेच, अध्यक्ष आणि पार्षद दोघांसमोर, मला रडू कोसळलं. रडत रडतच मी त्या अहवालाखाली माझा विरोध लिहिला, खोली, कुलूप, बादली, काठी, सगळं. अध्यक्ष म्हणाले, इतकं लांबलचक कशाला? मी म्हटलं, जागा संपली तर मागच्या बाजूला लिहीन. आता तो कागद माझ्या विरोधासकट वर पाठवावा लागला. चौकशी बसली आहे म्हणतात. मी त्यांच्या डोक्यावर बसून आहे.

पण त्या दुपारी हे काहीच नव्हतं. मैदागिनच्या चौकापर्यंत टोटोने आलो आणि पुढे पायी, गल्ल्यांतून. काशीत दर वळणावर देव आहे म्हणतात. मला त्या दिवशी दर वळणावर औषधांचं दुकान दिसत होतं. प्रत्येक दुकानापाशी त्याची चाल मंदावायची.

‘ताई, बोलत राहा,’ तो म्हणाला. ‘काहीही बोल.’

मी बोलत राहिले. भाज्या महागल्या, माकडांनी शेजारणीचे पापड नेले, कसलं तरी काहीबाही. त्याचं मनगट माझ्या हातात होतं आणि घामाने निसटत होतं. तसे आम्ही आमच्या गल्लीत शिरलो. टोकाच्या दुकानातून हाक आली, ‘अरे गुरुजी! गोकर्ण से कब लौटे? दर्शन ही नहीं!’

औषधवाला मनापासून हसत होता. त्याला खरंच आनंद झाला होता. ‘कमर कैसी है?’ म्हणत त्याचा हात खणाकडे गेलासुद्धा, न सांगता, जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीने.

भाऊ थांबला. मी ओढलं, तो हलेना. खणाकडे बघत होता. मग त्याने ओठ न हलवता म्हटल्यासारखं म्हटलं, ‘ताई, तू सांग. माझ्याच्याने होत नाही.’

‘काय सांगू?’

‘खरं.’

मी आजूबाजूला पाहिलं. फुलवाली बसली होती. समोरच्या घरातले त्याचे यजमान खिडकीत दात कोरत उभे होते, पिढ्यान्‌पिढ्यांचं घर ते. दोन शेजारणी पिशव्या घेऊन यायला लागल्या होत्या. हे एकदा बोललं की त्याला पूजेला कोण बोलावणार, भावजय उद्या नळावर तोंड कशी दाखवणार, सगळं मला त्या एका श्वासात दिसलं.

‘मेरा भाई गोकर्ण नहीं गया था,’ मी म्हटलं, आणि माझा आवाज तुम्हाला आता माहीत आहे, तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. ‘नशामुक्ति केंद्र में था. आपकी इसी कैप्सूल की लत है इसको. अब से ये माँगे, पैर पकड़े, रोए, तब भी मत देना. और आप सब लोग देखिएगा. ये इस दुकान पर खड़ा दिखे तो मुझे आवाज़ दीजिएगा.’

 औषधवाल्याचा हात खणातच राहिला. खिडकीतल्या यजमानांनी काडी तोंडातून काढली. फुलवाली भावाकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आता हा जागच्या जागी मरेल लाजेने, आणि मारणारी मी.

त्याने उपरण्याने तोंड पुसलं. सगळ्यांना दिसेल अशी मान हलवली. ‘सच है,’ म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘ताई, पुढच्या वळणावरच्या दुकानातही सांग. तिथूनही घ्यायचो.’